सरळ नाक

"देवानं दिलेलं नाक आवडलं नाय, म्हणून बदलून आणलं बायने," शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातल्या काकू सांगत होत्या. ती बाय म्हणजे रोह्यात दिलेली माझी ताई. मला दारात पाहूनही काकूंनी आवाज खाली केला नाही. "काय गो, खोटं बोलते का मी?"

पेणमध्ये त्यांच्यासारखा सफाईदार हात क्वचितच सापडेल. मूर्तीचं नाक त्या ओल्या बोटाने चेपतात, बसकं वाटलं तर माती चढवतात, सुकलं की पॉलिश पेपरने घासतात. हे सगळं करताना तोंड बायकांच्या चेहऱ्यांवर सुटलेलं असतं. त्यांचे स्वतःचे केस दर रविवारी काळेभोर होतात, ते बहुतेक देवच करून जातो.

मी नेहमीसारखी अर्धवट हसले. गेल्या गणपतीत त्या हेच ताईच्या तोंडावर बोलल्या होत्या, तेव्हाही मी अशीच हसले होते. त्यानंतर ताई पेणला आलेली नाही.

काकूंनी फुंकर मारून मूर्तीवरची धूळ उडवली आणि तिचा चेहरा माझ्याकडे वळवला. "बघ गो, झालं का नाक सरळ?"

"झालं काकू," मी म्हणाले. "अगदी आमच्या ताईसारखं."