दुसऱ्यांदा विचारायचं

जालना शहरात मिळत नाही अशी वस्तू देवाने अजून घडवलेलीच नाही, असं माझ्या थोरल्या साडूंचं ठाम मत आहे. मिळत नसेल तर ती वस्तू नाही, ती अफवा आहे. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, शहरात तेवढीच वर्षं राहिलो, पण माझं जालना म्हणजे शाळा, घर, मंडई आणि दवाखाना. साडू राहतात बदनापूरला, आणि जालन्याच्या सदर बाजारात कोणत्या दुकानाच्या कोणत्या फळीवर कंदिलाची बारक्या नंबरची काच आहे हे घरी ओट्यावर बसून सांगतात. आयुष्यभर एका सरकारी कचेरीत स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर सरकारने त्यांचं एक कोठार काढून घेतलं, म्हणून त्यांनी अख्खं शहर ताब्यात घेतलं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक कापडी पिशवी असते. तिच्यात तुटक्या, झिजलेल्या वस्तूंचे नमुने. कुणाच्या शिलाई मशीनचा स्क्रू, कुणाच्या चष्म्याची दांडी, कुणाच्या कपाटाची अर्धी बिजागरी. लोक देतात आणि विसरून जातात, हे विसरत नाहीत. वर्षाने एखाद्याच्या दारात स्कूटर थांबवून म्हणतात, "घ्या तुमचा स्क्रू." तोवर ते मशीनच भंगारात गेलेलं असतं. त्याचं त्यांना काही वाटत नाही. स्क्रू सापडला, विषय मिटला.

तीर्थपुरीला एका लग्नात ऐन वेळी नवरदेवाच्या शेरवानीचं छातीवरचं बटण तुटलं. साडूंनी पिशवीतून सात बटणं काढली, एकही जुळेना. मग ते जे गायब झाले ते गावातल्या बियाणांच्या दुकानात जाऊन अगदी तसलंच बटण घेऊन आले. बियाणांच्या दुकानात बटण का होतं, हे दुकानदारालाही सांगता आलं नाही. तोवर नवरदेव छातीवर हात धरून उभा होता आणि बायका एकमेकींना सांगत होत्या की पोरगा फार हळवा आहे.

माझ्यावर त्यांनी पहिला प्रयोग केला तो भिंतीवरच्या घड्याळाच्या निमित्ताने. वडिलांच्या वेळचं घड्याळ, चावी हरवलेली. मी सहज म्हणालो, "मोबाईलवरून मागवतो." साडूंचा चेहरा असा झाला की माझ्या बायकोने आतून पाणी आणलं. "गुरुजी," ते म्हणाले, "जालन्यात राहून तुम्ही चावी बाहेरून मागवून राह्यले? चला, बसा मागं."

त्यांनी मला जालन्यातल्याच काद्राबाद भागात एका बिजागऱ्या-कड्या विकणाऱ्या म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात नेलं. मी घड्याळाची चावी मागितली. चाचा मान वर न करता म्हणाले, "नहीं है." मी पायरी उतरू लागलो तर साडूंनी माझा सदरा मागून धरला आणि स्वतः स्टुलावर बसले. चाचांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. जावयाची बदली झाली की नाही ते निघालं. चहा आला. कप खाली ठेवता ठेवता साडू म्हणाले, "ते चावीचं काय म्हणत व्हतो आपण?" चाचा उठले, फळीखालून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर अकरा चाव्या ओतल्या.

बाहेर आल्यावर साडूंनी मला समजावलं. "गुरुजी, दुकानदाराचं पहिलं 'न्हाई' म्हणजे रामराम असतो. त्याला उठायचा कंटाळा येतो. आपण बसायचं, घरचं विचारायचं, चहा घ्यायचा, मंग दुसऱ्यांदा विचारायचं." घड्याळ तेव्हापासून चालू आहे. रोज दहा मिनिटं मागे पडतं, पण तो चावीचा दोष नाही असं साडू म्हणतात.

त्यांची एकुलती एक लेक रेणू. पुण्याच्या कंपनीत नोकरी, पण दोन वर्षांपासून बदनापूरला घरीच, वरच्या खोलीत संगणक मांडून काम करायची. या दोन वर्षांत साडू पाच वर्षांनी तरुण दिसायला लागले होते. जेवायच्या वेळी जिन्याखालून हाक मारायची आणि वरून "आले बाबा" ऐकायचं, याचं त्यांना इतकं अप्रूप की पोरगी समोर बसलेली असली तरी ते कधी कधी जिन्याखाली जाऊन हाक मारून येत. मग कंपनीने आपल्या बंगळुरूच्या ऑफिसात यायला सांगितलं. रेणू सरळ पोरगी. तिने बापाला स्वच्छ सांगितलं, "बाबा, तुमच्या डोक्यात जो बाजार आहे त्याचं ॲप करू. माणसाने वस्तूचं नाव टाकायचं, दुकान दिसायचं. ते चालण्यासारखं निघालं तर मी नोकरी सोडते, इथंच राहते, हेच करते. नाही निघालं तर जाते."

साडू त्याच दिवशी कामाला लागले. ॲपचं नाव त्यांनीच ठेवलं, 'विचारून बघा'. रेणूने त्यांना मोबाईलवर तीन रकाने करून दिले: वस्तू, दुकान, पत्ता. साडूंनी भरलेली पहिली नोंद मला त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली: "स्टोव्हची पिन. मामा चौकातून आत. मालक न्हाई म्हणतील. हलायचं न्हाई. त्यांच्या आईचं ऑपरेशन झालंय, ते विचारायचं. दुपारी एक ते चार जायचं न्हाई, झोपतात. धाकटा भाऊ दुकानात असला तर त्याच्याकडून घ्यायचं न्हाई, तो भलतीच पिन देतो."

"बाबा, एवढं नसतं लिहायचं," रेणू म्हणाली. "आणि इथं 'बन्सीच्या हॉटेलासमोर' लिहिलंय. हा पत्ता आहे का?"

"सगळ्या जालन्याला माहीत आहे."

"हॉटेल दिसलं नाही मला कधी."

"कसं दिसंल? बंद होऊन जमाना झाला. बन्सी बी गेला बिचारा."

दुकानदारांकडून मालाची यादी घ्यायची कल्पना पहिल्याच दिवशी बारगळली. एक कापडवाले म्हणाले, "यादी? आमच्या दुकानात काय काय आहे ते आम्हालाच माहीत न्हाई, तुम्हाला काय देऊ?" तेव्हा साडू स्वतः दुकानोदुकानी स्टुलांवर बसून नोंदी करू लागले. वाती, गोफणी, घुंगरं, पेटीचे सूर, डाव्या हाताची कात्री. दिवसाला पंधरा-पंधरा चहा व्हायचे. मेव्हणी म्हणाली, "ॲप व्हईल तवा व्हईल, तवर यांना पित्त व्हईल." ते झालंच.

नोंदी बऱ्या जमल्यावर रेणूने परीक्षा ठेवली. पाच वस्तू, पाच माणसं. प्रत्येकाने फक्त ॲप बघून शनिवारी वस्तू शोधून आणायची. वस्तू कोणत्या ते साडूंना कळू द्यायचं नव्हतं, नाहीतर ते मागे मागे स्कूटर घेऊन फिरले असते. म्हणून यादी तिने माझ्याकडे ठेवायला दिली. "काका, तुम्ही मास्तर. तुमच्यावर विश्वास आहे."

शुक्रवारी सकाळी साडू आले. आले ते सरळ म्हणाले, "गुरुजी, यादी दाखवा." मी म्हणालो, "नाही." मला वाटलं रागावतील. ते खुर्चीवर बसले. माझ्या पाठीचं विचारलं. पेन्शनच्या कागदाचं काय झालं ते विचारलं. माझ्या बायकोने चहा आणला, तो बशीत ओतून त्यांनी सावकाश संपवला. मग कप ठेवून म्हणाले, "ते यादीचं काय म्हणत व्हतो आपण?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी पेपर फोडला नाही. त्या दिवशी फोडला. त्यांच्याकडे बघून मला दुसऱ्यांदा नाही म्हणता आलं नाही, याची मला आजही लाज वाटत नाही.

शनिवारी कमाल झाली. चौघे निघाले आणि तासाभरात वस्तू घेऊन परत. रेणूची हसनाबादची मैत्रीण म्हणाली, "अगं, मी नाव बी घेतलं न्हाई अन् त्यांनी पुडी हातात ठेवली!" कुणालाच पहिलं 'न्हाई' ऐकायला मिळालं नव्हतं. जालन्याच्या बाजारात असं कधी घडलेलं नाही. रेणूच्या कपाळावर एक आठी पडली. पाचवी वस्तू माझ्या वाट्याची होती, मी मुद्दाम रेंगाळत होतो. ती म्हणाली, "चला काका, मी येते बरोबर."

पाचवं दुकान काद्राबादचं. आम्ही पायरी चढतोय तोच चाचा गुडघे विसरून उठले. "है, है! निकाल के रखा है!" त्यांनी कागदात बांधलेला जुन्या कुलपाचा खटका पुढे केला आणि रेणूकडे बघून हसले. "बेटी, अब तो बदनापूरमेंच रहेंगी ना? तुम्हारे अब्बा कल आए थे. एक-एक दुकान फिरे. मैं बोला बैठो, तो बैठे नहीं. चाय भी नहीं पिये."

रेणूने खटका घेतला, शुक्रिया म्हणाली आणि खाली उतरली. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. "काका, यादी?" तिने विचारलं. ती आधी खूप हसली, मग ओढणीने डोळे पुसले आणि पुन्हा हसली. "चहापण नाही घेतला त्यांनी," एवढंच दोनदा म्हणाली.

घरी गेल्यावर तिने त्यांना रागावलं नाही. जवळ बसून सांगितलं की ॲप चांगलं आहे, पण ते तुमच्याशिवाय चालत नाही, आणि तुम्ही काही प्रत्येकाच्या फोनमध्ये मावणार नाही. साडूंनी विचारलं, "मंग ऱ्हायचं न्हाई का इथं?" ती म्हणाली, "नाही बाबा. जायला पाहिजे." ते म्हणाले, "बराबर आहे," आणि तिच्या बॅगेची चेन अडकत होती ती दुरुस्त करायला घेतली.

ती गेल्यावर मी एकदा न राहवून त्यांना म्हणालो, "साडूभाऊ, सगळ्या बाजाराला तुम्ही दुसऱ्यांदा विचारता. पोरीला का नाही विचारलं?" आम्ही बदनापूर स्टेशनच्या बाकावर बसलो होतो. त्यांनी पिशवीतला एक स्क्रू काढून बोटांत फिरवला. "विचारलं असतं तर ती ऱ्हायली असती, गुरुजी," ते म्हणाले.

'विचारून बघा' आता दोनच फोनांत आहे. रेणू बंगळुरूहून वस्तूचं नाव टाकते आणि साडू स्कूटर काढतात. मागच्या आठवड्यात तिने कुकरची शिट्टी मागितली. कुकरची शिट्टी बंगळुरूत गल्लोगल्ली मिळत असणार, हे मला कळतं, त्यांनाही कळतं. तरी आम्ही गेलो. दुकानदार न्हाई म्हणाला. आम्ही बसलो, त्याच्या घराच्या बांधकामाचं ऐकलं, चहा घेतला, दुसऱ्यांदा विचारलं आणि शिट्टी घेऊन आलो. सोबत पार्सलात घालायला मेव्हणीची शेंगदाण्याची चटणीही होती.

पार्सल शिवायला साडू आत दाभण आणायला गेले, तेव्हा त्यांचा फोन माझ्या हातात होता. मी आपला सहज ॲप उघडून नोंदी खाली सरकवत होतो. सगळ्यात शेवटी एक नोंद होती, कुणी शोधावी म्हणून नव्हे, नुसतीच भरून ठेवलेली.

"वस्तू: वरची खोली. दुकान: आपलं घर. पत्ता: बदनापूर. टेबल खिडकीपाशीच आहे. पंख्याचा आवाज यायचा तो काढला. दुपारी एक ते चार बी चालंल. विचारायचं न्हाई, सरळ जिना चढायचा."

साडू दाभण घेऊन आले. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि पार्सलाचं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं, म्हणजे त्यांना टाके नीट घालता येतील.