बटाट्याचं सायझिंग

आमच्या घरी एअर फ्रायर आहे, तो उत्तम चालतो, आणि तो चालू असताना मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही असा नियम आहे.

हा नियम माझ्या बायकोने काढला, सुनेने मंजूर केला आणि अंमलबजावणी माझ्या आईने स्वतःकडे घेतली. (काठी तिच्याकडेच असते.) वयाची साठी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या घरात पाणी प्यायचं तर आधी आवाज द्यावा लागतो, 'मशीन चालू आहे का गं?' आतून 'हो' आलं की मी तहान आवरतो.

असा नियम का झाला ते सांगायचं तर आधी माझी नोकरी सांगायला हवी. मी भिवंडीतल्या एका सायझिंगमध्ये मॅनेजर होतो. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, ताण्याचं उभं सूत चढवायच्या आधी त्याला स्टार्चची कांजी पाजावी लागते, नाहीतर ते धडाधड तुटतं. मोठ्या टाकीत कांजी शिजवायची, त्यात हजारो तारा बुडवून काढायच्या, गरम सिलिंडरवरून फिरवून सुकवायच्या आणि बीमवर, म्हणजे मोठ्या रिळावर, गुंडाळायच्या. एका बाजूने मऊ सूत आत जातं, दुसऱ्या बाजूने कडक, सरळ, चकचकीत सूत बाहेर येतं. नोकरीभर मी हेच बघितलं. रिटायर झालो तरी डोक्यातलं गणित तेच राहिलं: कडकपणा म्हणजे कांजी! घरात पापड सादळला तरी माझ्या तोंडून निघतं, 'कांजी कमी पडली.'

आता मशीनकडे येतो. प्रणाली, म्हणजे आमची नवी सून, ठाण्याला एका ऑफिसात जाते. लग्नानंतरच्या पहिल्या बोनसमधून तिने हौसेने एअर फ्रायर आणला. आईने त्याच्याभोवती एक फेरी मारली, वरून टिचकी मारली आणि विचारलं, "तेल कुठं वततात यात?"

"आजी, तेल लागतच नाही. चमचाभर पुरतं. गरम हवेवर होतं सगळं."

"हवेवर? मंग गच्चीवर ठेवा ना बटाटं! हवा बक्कल हाय तिथं!"

माझी आई मूळची कशेळीची, खाडीकाठची. तळणीत बोट बुडेल इतकं तेल नसेल तर तिच्या मते ते तळणं नव्हे, शेकणं. तिने निकाल दिला, "इस्त्रीचा डबा हाय ह्यो. माल्यावर टाका."

त्या संध्याकाळी प्रणाली माझ्याशेजारी येऊन बसली. "पप्पा, मशीनचं काही नाही हो. पण मी केलेलं काहीच आजींना आवडत नाही. माझा चहा पांचट, माझी भाकरी जाड. आता हेही माळ्यावर गेलं तर मी काय करायचं?"

मला पोरीचं फार वाईट वाटलं. आणि मला कोणाचं वाईट वाटलं की त्या माणसाचं काही खरं नसतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिलाच तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी माझी बायको सुनंदा मध्ये पडली. ती भिवंडी शहरातली, मास्तरांची मुलगी, त्यामुळे तिला प्रत्येक भांडणाचं परीक्षेत रूपांतर करायची सवय आहे. ती आईला म्हणाली, "रविवारी कशेळीच्या मावशी येतायत ना? प्रणाली फ्राइज करेल. तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलेत तर मशीन ओट्यावर राहील. नाहीतर माळ्यावर. मंजूर?"

"मंजूर," आई म्हणाली. "शिडी आनून ठेवा."

रविवार उजाडला. माझा मुलगा वडप्याच्या गोदामातली नाइट शिफ्ट करून पहाटे आला होता, त्यामुळे या पूर्ण प्रकरणात तो आतल्या खोलीत झोपलेला आहे. (सुखी माणूस!) प्रणालीने बटाटे सोलले, बोटाएवढ्या काड्या कापल्या आणि थंड पाण्यात बुडवून ठेवल्या. मी पेपर घेऊन तिथेच बसलो होतो. थोड्या वेळाने पाणी पांढुरकं झालं, तळाशी शुभ्र साका बसला. आणि पोरीने ते पाणी सरळ सिंकमध्ये ओतलं!

"अगं, अगं! स्टार्च चाललं सगळं!"

"पप्पा, तेच तर घालवायचं असतं. स्टार्च गेलं की फ्राइज कुरकुरीत होतात."

स्टार्च गेलं की कुरकुरीत! माझ्या जुन्या शेठने हे वाक्य ऐकलं असतं तर त्याने सायझिंगला टाळं ठोकून भेळेची गाडी टाकली असती.

मग तिने त्या काड्या जराशा उकळून घेतल्या, पंच्यावर पसरल्या, वर पंखा लावला आणि म्हणाली, "एकदम कोरड्या होऊ देत. मी आंघोळ करून येते. हात लावू नका हं, पप्पा."

(हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर कदाचित मी हात लावलाच नसता.)

सुनंदा मावशीला, म्हणजे आईच्या बहिणीला, आणायला रिक्षा स्टँडवर गेली होती. आई हॉलमध्ये जपमाळ ओढत बसली होती. मी एक काडी उचलून आडवी धरली. तिने मान टाकली! दुसरी धरली, तिनेही टाकली. असल्या सुताचा बीम मी लूमवर पाठवला असता तर कारागिरांनी माझा उद्धार केला असता. आणि हे आईच्या पुढ्यात जाणार? पोरीची लाज राखणं आता माझ्याच हातात आहे, असं मला मनापासून वाटलं.

सूपसाठी आणलेला कॉर्नफ्लॉवरचा अख्खा पुडा पातेल्यात रिकामा केला. पाणी घालून ते गॅसवर ठेवलं. आता नुसतं स्टार्च तारेला धरून राहत नाही, जोडीला डिंक लागतो. तोही मिळाला! हिवाळ्यात केलेल्या लाडवांचा उरला होता, तो कुटून घातला. ढवळत राहिलो. पांढरं पाणी हळूहळू पारदर्शक झालं, बुडबुडे जड झाले. कांजी जमली की नाही हे आम्ही बोटांत धरून बघायचो. मी अंगठा आणि पहिलं बोट जुळवलं आणि ते परत सुटेना. वा! हात अजून विसरला नव्हता.

एकेक काडी बुडवली, निथळली, पंच्यावर ओळीत मांडली, अगदी शेजारी शेजारी, बीमवर तारा असतात तशी. राहिला प्रश्न सुकवण्याचा. गरम सिलिंडर कुठून आणायचा? इतक्यात प्रणालीच्या टेबलावर केस सुकवायचा ड्रायर दिसला. (देव अशा वेळी मदत करतो. कोणाला करतो ते नंतर कळतं.) दोन्ही बाजूंनी मारला. काड्या अशा तुकतुकीत झाल्या की रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा मला कामावरून आल्यासारखं वाटलं. पातेलं, ड्रायरसकट, गॅस सिलिंडरमागे सरकवलं आणि पेपर पुन्हा उघडून बसलो.

प्रणाली आली. "पप्पा, या चमकतायत का?"

"ट्यूबलाइटचा उजेड आहे."

"आणि जाड झाल्यासारख्या वाटतायत."

"वाऱ्याने फुगतात."

ती वाकून बघणार, तेवढ्यात हॉलमधून आईचा आवाज आला, "झाला का गो? का मावशी घरी गेल्यावर देतंस?" मावशी येऊन बसलीही होती. पोर घाबरली, तिने घाईघाईने सगळ्या काड्या मशीनच्या डब्यात भरल्या, वर चमचाभर तेल सोडलं आणि बटण दाबलं.

मध्येच एकदा डबा बाहेर काढून हलवायचा असतो म्हणे. तिने हलवला. आत काहीच हललं नाही. तिने जोर लावून हलवला. आतला माल एकजुटीने सरकला आणि डब्याच्या भिंतीवर आपटला: ठक्!

"पप्पा, हे असं का वाजतंय?"

"सेट होतंय," मी म्हणालो. आणि ते खोटं नव्हतंच!

मशीनने घंटा दिली. प्रणालीने डबा ताटात उपडा केला, आणि फ्राइज नव्हे, फ्राइज नावाची एकसंध वस्तू ताटावर उतरली. चौकोनी, सोनेरी, काचेसारखी झळझळीत. डब्याच्या जाळीची नक्षीसुद्धा उमटली होती. मावशीने चष्मा सारखा केला. "केक केलाय का गो?"

आईने बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. "कोन हाय का आत?"

सुनंदाने बत्त्याने तुकडे केले. (होय, बत्त्याने.) मावशी भिडस्त स्वभावाची. पोरीने केलंय, नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने एक तुकडा चावला आणि ओढला. तुकडा बाहेर आला, त्याच्यापाठोपाठ मावशीची वरची कवळीही आली. मावशी त्या दोघांकडे बघत बसली.

काहीतरी करायला हवं होतं. निदान एका माणसाने तरी 'वा!' म्हणायला हवं होतं. मी सगळ्यात मोठा तुकडा उचलला, तोंडात घातला आणि जोरात चावला. दातावर दात बसले आणि तिथेच राहिले.

"काढा शिडी," आई म्हणाली.

प्रणालीचे डोळे भरून आले. "आजी, माझंच काहीतरी चुकलं असेल. मी सगळं नीट केलं होतं हो."

मी ताडकन उठलो आणि जीव तोडून सांगितलं, "ऊं! ऊंऊं ऊं!"

"ह्याला काय झाला आता?" आईने विचारलं.

"अहो, आधी गिळा, मग बोला," सुनंदा म्हणाली. आणि तिने भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी उचललीसुद्धा.

आईने ताटातला एक तुकडा उचलला. उजेडाला धरला, हुंगला, बोटाला थुंकी लावून चोळला. बोट चिकटलं. ते तिने सोडवलं, पुन्हा चिकटवलं, आणि तिचे डोळे बारीक झाले.

"थांब गो, शिडी ऱ्हाऊ दे. ह्यो चिकटा मी वलखते. ह्याचं सायझिंगचं शर्ट धुताना माजी बोटं अशीच चिकटायची. ही कांजी हाय, कांजी!"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी झोपलेल्या मुलाच्या खोलीकडे बघितलं, पण तिथून काही मदत येण्यासारखी नव्हती. सुनंदा आत गेली ती पातेलं घेऊनच बाहेर आली. तिने ते उलटं केलं. आतला डाव उभाच्या उभा लटकत राहिला, पडला नाही. तिच्या दुसऱ्या हातातला कांजीने माखलेला ड्रायर बघून प्रणाली किंचाळली, "माझा ड्रायर!"

आईने मला समोर उभं केलं. "डिंक घातलास?"

मी मान हलवली.

"लाडवांचा?"

पुन्हा हलवली.

"आनि कुनाला विचारलास?"

मी मान आडवी हलवली. आईने काठी टेकून ठेवली (या क्षणी मला जरा हायसं वाटलं) आणि प्रणालीला जवळ ओढलं. "रडू नको, पोरी. तुजी चूक न्हाय, मशीनची न्हाय. चूक माजी हाय. मीच जन्माला घातलाय ह्याला! जा, परत कर. मी बसतंय राखनीला."

दुसऱ्या खेपेला आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. पोरीने पुन्हा बटाटे कापले, पांढरं पाणी ओतून दिलं, उकळले, कोरडे केले. मला मिठाचं कोमट पाणी घेऊन बाल्कनीत गुळण्या करायला पाठवलं होतं. तिथून मला ते ऐकू आलं: कुर्रम! मग पुन्हा: कुर्रम, कुर्रम! बाहेरून कडक, आतून लोण्यासारखे मऊ. (असं इतरांनी सांगितलं.) मावशीसुद्धा धुतलेल्या कवळीने न घाबरता खात होती. आईने ताटली साफ केली, पदराला हात पुसला आणि कोणाकडेही न बघता विचारलं, "आजून हायत का गो?"

सुनंदाने शिडी उचलली आणि जिन्याखाली नेऊन ठेवली. प्रणालीच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं की मला भरून आलं. मी तसं बोललोही असतो, पण जबडा अजून निम्माच सुटला होता.

त्यानंतर आई उठली, डब्यातले सुके बोंबील काढले आणि हुकूम सोडला, "ह्ये टाक बगू यात." घरभर घमघमाट सुटला. बोंबील खाऊन मावशीने मशीनवरून प्रेमाने हात फिरवला. "मना पन ह्यो घ्यायचा हाय. पन बिघाडला तं?"

"मावशीआजी, काळजीच नको," प्रणाली म्हणाली. "बिघडलं तर दुकानवाले परत घेतात."

आईने मान वळवून बाल्कनीत माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्याला घेत्यान का, इचार गो."

प्रणालीने ओठ दाबून धरले, पण तिला राहवलं नाही. "आजी, इतका वापरलेला माल ते परत घेत नाहीत."

दोघी एकमेकींच्या अंगावर रेलून हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लग्न झाल्यापासून त्या दोघींना असं एकत्र हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मीही हसलो असतो, पण वापरलेल्या मालाला सुनंदाने तेवढ्यात पातेलं खरवडायला बसवलं होतं.