अठरा काड्या

तोंडाच्या तपासणीला जाताना मी गालात मावा धरून गेलो.

मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला. तो थुंकायचं लक्षातच राहिलं नाही. पायात चप्पल आहे हे माणूस विसरतो ना, तसा मी गालातला मावा विसरायचो. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बाळासाहेब, तोंड उघडा." मी उघडलं. त्यांनी टॉर्च विझवला, बेसिनकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आधी तेवढं बाहेर काढा. मग आजार बघू."

मी सावेडीत शाळेच्या मुलांची रिक्षा चालवतो. वर्षभर तिखट झोंबत होतं. मी किराणा दुकानदाराशी भांडलो, की तू मिरची बदललीस. मग पाणीपुरी तोंडात जाईना. मी गाडीवाल्याला सुनावलं, की पुऱ्या फार मोठ्या करायला लागलास. जगातल्या सगळ्या वस्तू फुगत चालल्यात, असं माझं प्रामाणिक मत होतं. आपलंच तोंड लहान होतंय, हे काही सुचलं नाही.

मॅडमनी दातांमध्ये पट्टी धरली. एकोणीस मिलिमीटर. आपली तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत. माझं दुसरंच अडत होतं. आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. म्हणजे गालाच्या आतली मऊ कातडी जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखी कडक होते आणि जबडा आवळत जातो. पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. म्हणून बायोप्सी सांगितली, म्हणजे गालाचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवायचा.

"सवय कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

मी म्हणालो, कॉलेजपासून. कॉलेज मी फक्त रिक्षातून पाहिलंय. शाळाच सहावीत सुटली. पण केस पेपरवर जरा बरं दिसावं, एवढीच इच्छा.

बायोप्सीच्या दिवशी श्रीरामपूरहून आक्का आली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी बहीण. आमचं गाव जामखेडकडचं. दिवाळी झाली की आईवडील ऊस तोडायला कारखान्यावर निघायचे आणि आम्ही दोघं त्यांच्या मागे. पाच-सहा महिने पाचटाची कोपी हेच घर. आईवडील उजाडायच्या आत उसाच्या फडात. वडील परतायचे ते बहुतेक पिऊनच. हात आधी आईवर पडायचा, मग जो सापडेल त्याच्यावर. मी फारसा सापडलो नाही, कारण आक्का पुढे व्हायची. नऊ वर्षांचा असताना मी आमच्या टोळीच्या मुकादमाला मावा आणून द्यायचो आणि वाटेत त्यातला चिमूटभर कमिशन म्हणून खायचो. चौदाव्या वर्षी मुकादम माझ्याकडे मावा मागायला लागला. माझ्या आयुष्यातली पहिली बढती ती.

मॅडमनी केस पेपर वाचला. "कॉलेजपासून म्हणजे साधारण अठराव्या वर्षापासून?"

मी मान हलवणार, तेवढ्यात आक्का बोलली. "न्हाई बाई. पाच वर्साचा हुता. म्या लावली."

ती खाली फरशीकडे बघून सांगत होती. मी भुकेने रडायचो. भाकरी संपलेली, आई फडात. मग ती आईच्या डबीतली मिश्री, म्हणजे जाळलेल्या तंबाखूची पूड, माझ्या हिरड्यांना चोळायची. मला गरगरायचं आणि मी झोपून जायचो. "निजायचा म्हनून लावायची. लई रडायचा वो. आता ह्याला काय झालं तर ते माज्याच हातानं झालं."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी एवढी वर्षं माझ्या व्यसनाचं श्रेय मुकादमाला देत होतो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुमचं वय काय होतं तेव्हा?"

"नऊ."

"आणि मिश्री अजून लावता?"

"व्हय. चार-पाच येळा."

"मग तुम्हीपण या खुर्चीत बसा. तोंड उघडा."

आक्काच्या तोंडात तेव्हा काही निघालं नाही. पण मिश्री थांबवा, असं तिला बजावलं. माझा रिपोर्ट आठ दिवसांनी येणार होता. ते आठ दिवस मी मावा खाल्ला नाही. डोकं ठणकायचं, हात कापायचे, सिग्नल हिरवा झाला तरी मी त्याच्यावर खेकसायचो. रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. मॅडम म्हणाल्या, "आत्ता नाही. पुढचं तुमच्या हातात आहे."

उपचार दोन. दर आठवड्याला गालात आतून इंजेक्शन. आणि व्यायाम: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. सुरुवात नऊ काड्यांनी झाली. महिनाभराने? नऊच.

मॅडमना कळेना. मग त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशातून डोकावणारं पाकीट बघितलं. सुगंधी सुपारी. मी अभिमानाने सांगितलं, की तंबाखू पूर्ण बंद, आता नुसती सुपारी. त्यांनी ते पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "बाळासाहेब, गाल आवळते ती सुपारीच." दोन चोरांपैकी एकाला मी हाकललं होतं आणि दुसऱ्याला जावयासारखं पोसत होतो. माझ्यासारखे आणखी जावई पोसणारे असतील, म्हणून मुद्दाम लिहितोय. मावा, गुटखा, सुपारी, सगळंच सोडा. आणि तिखट झोंबायला लागलं तर दुकानदाराशी भांडू नका. आरशासमोर उभे राहून तोंडात तीन बोटं घालून बघा.

त्या दिवसापासून आक्का रोज सकाळी फोन करायला लागली. ती विचारायची, "काड्या किती?" मी विचारायचो, "मिश्री लावली का?" कधी ती खोटं बोलायची, कधी मी. आवाजावरून दोघांनाही कळायचं. दोन महिन्यांनी ती म्हणाली, "डबी इहिरीत टाकली." मी त्या दिवशी बारावी काडी बसवली. डोळ्यांतून पाणी आलं. दुखत होतं म्हणून, असं मी बायकोला सांगितलं.

सात महिन्यांनी अठरा काड्या झाल्या. मॅडमनी पट्टी लावली. छत्तीस मिलिमीटर. पहिल्यासारखं पूर्ण होणार नाही, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, हेही सांगितलं. पण तिसरं बोट आत गेलं. मी ते बोट तसंच ठेवून दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो. घरी गेल्यावर चतकोर भाकरीची घडी करून, आत ठेचा घालून, एका घासात खाल्ली. झोंबली. तरी दुसरी घेतली.

आयुष्यात मला कोणी पदक दिलेलं नाही. पण पाचव्या वर्षी लागलेली सवय तिशी उलटल्यावर सोडली. यापेक्षा मोठं काम माझ्या हातून झालेलं नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

सांगितलंही. ज्या शाळेची मुलं मी नेतो, तिथल्या मोठ्या बाईंनी मला मुलांपुढे बोलायला बोलावलं. आक्का खास श्रीरामपूरहून येऊन शेवटच्या ओळीत बसली. भुकेची, कोपीची गोष्ट मी सांगितली. मिश्री कोणी लावली ते सांगितलं नाही. मग काड्या काढल्या आणि एकेक दातांमध्ये बसवायला लागलो. मुलं ओरडून मोजत होती. सोळा, सतरा, अठरा. टाळ्या थांबेनात. शेवटच्या ओळीत आक्का पदराने डोळे पुसत होती.

परत येताना ती रिक्षात मागे बसली. मी वाट बघत होतो, काहीतरी म्हणेल. बऱ्याच वेळाने म्हणाली,

"एवढा आ करून दावलास लेकरांना, बाळू. दात तरी घासून यायचं व्हतंस."