इंजिनावरचे मूठभर दाणे

मोटारसुद्धा नवलाची होती त्या काळात विंझरला माझी भातगिरणी सुरू झाली की तोरणा हलायचा. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी तर थेट ताकच देऊ लागल्या होत्या! हा हादरा काढताना पुण्याच्या तीन मिस्त्र्यांनी हात टेकले, तेव्हा इंजिन भंगारात काढायचं मी ठरवलं.

शेवटच्या दिवशी पानशेतच्या अंगानं एक बाई डोक्यावर भाताचं पोतं घेऊन आली. बसली नाही की दम खाल्ला नाही. मूठभर दाणे इंजिनाच्या पायावर पसरून तिनं पदर खोचला.

"मावशी, दृष्ट काढताय व्हय?" भात भरडायला थांबलेल्या रांगेतून कुणी ओरडलं.

"तुजी काढते मागनं. मालक, वेग हळूहळू चढवा, मग तसाच उतरवा."

वेग कळावा म्हणून इंजिनाच्या पट्ट्याच्या सांध्याचे फटके मोजत ती उभी राहिली. एका वेगाला दाणे एकदम नाचू लागले. उतरताना तो वेग मागं पडला तरी नाच थांबेना. पार खाली आल्यावर थांबला.

"नुसती वेगाची खोड असती, तर नाच सुरू झाला तिथंच थांबला असता," ती म्हणाली. "हितं कायतरी ढिलं हाय. सुटलं की लवकर जाग्यावर येत न्हाई. आमच्या जात्याचा खुंटाबी असाच करतो."

पाया उकरला. तेला-मातीखाली एक बोल्ट म्हाताऱ्याच्या दातासारखा हलत होता! तो आवळून मी पूर्ण वेग दिला. दाणे ढिम्म! आनंदानं मी उडवलेला फेटा अजून खाली आलेला नाही.

बाईनं एकेक दाणा वेचून पोत्यात टाकला.

"बगताय काय, मालक? पयला नंबर माजा."