आतोबा छान म्हणाले

आमच्या आतोबांनी मनापासून ‘छान’ म्हटलेली एकही गोष्ट आज या जगात शिल्लक नाही. हसू नका, मीही आधी हसायचे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायला अंबरनाथला, आणि सारा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठच्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसून काढलेला. मुंगीलासुद्धा बाजूला होऊन वाट देणारा मऊ माणूस. पण त्यांच्या डोळ्यांना सुंदर गोष्ट दुरून कळायची, आणि त्यांना ती कळली की तिचं काही खरं नसायचं. तरुणपणी वांगणीला एका मित्राच्या गोठ्यात त्यांनी नवा बैल पाहिला आणि बोलून गेले, “काय छान जनावर आहे रे!” बैल संध्याकाळी खाली बसला तो उठलाच नाही. पुढे शेठने हौसेने दुकानात काचेचं झुंबर लावलं, आतोबांनी मान वर करून “वा!” केलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर झुंबराचा गादीवर चुरा. वरचा हूक जागच्या जागी, साखळीही शाबूत. हे मला शेठने स्वतः सांगितलं, आणि सांगताना तो सारखा देवाच्या तसबिरीकडे बघत होता.

तेव्हापासून आतोबांनी जिभेला वेगळंच वळण लावलं. जे आवडेल त्याला नावं ठेवायची, आणि जितकं जास्त आवडेल तितकी जास्त ठेवायची. एखाद्या गिऱ्हाईक बाईने साडी खांद्यावर टाकली आणि ती तिला खरोखर शोभली, की आतोबा कळवळून ओरडायचे, “काढा, काढा ते पोतेरं!” शेठ कपाळाला हात लावायचा. “साईं, गिराक को भगाता है क्या?” पण बायकाच त्या! त्यांना गोम कळायला कितीसा वेळ लागणार? कॅम्प चारपासून बदलापूरपर्यंतच्या नवऱ्यामुली शालू घ्यायला मुद्दाम त्यांच्यापुढे येऊन बसायच्या. आतोबा “बरा आहे” म्हणाले की तोंड पाडून शालू परत करायच्या, आणि “शी!” म्हणाले की लगेच बांधून मागायच्या. माझ्या लग्नात मला बघून ते म्हणाले, “अगदीच भूत दिसतेस गं.” मी हवेत! सासूबाईंचा चेहरा मात्र तेव्हा जो पडला, तो अजून पुरता वर आलेला नाही.

अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरात ते दर सोमवारी जात, पण मान खाली घालून, स्वतःच्या पावलांकडे बघत. त्या कोरीव भिंतींवर लोक तासन् तास नजर लावून बसतात, आणि हे गृहस्थ जन्मभर फरशी बघून आले. मी कारण विचारलं तर म्हणाले, “इतकी शतकं उभं आहे बिचारं. माझ्यापायी कशाला पडायला हवं?” मी हसले. ते हसले नाहीत. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या पायऱ्या उतरताना मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या शेजारून चालायची भीती वाटली, भर दुपारी, माणसांच्या गर्दीत. माझी लेक झाली तेव्हा ते काजळाची डबी खिशात घालून आले, पाळण्याकडे पाठ करून उभे राहिले आणि हात मागे नेऊन चाचपडत तिला तीट लावली. ती लागली नाकाच्या शेंड्यावर. सगळे खो खो हसले. आतोबांच्या मानेवरून मात्र घाम ओघळत होता.

त्या घामाचं कारण मला आत्याने नंतर सांगितलं. त्यांना एक मुलगी झाली होती. आतोबांनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “किती गोड आहे गं!” काही दिवसांतच ती तापाने गेली. “माझा नाही विश्वास,” आत्या म्हणाली. “ताप सगळ्या वस्तीत होता. पण यांना कोण समजावणार?” आणि या सगळ्यात आत्या स्वतः देखणी, अख्ख्या आळीला ठाऊक असलेली देखणी. पोर गेल्यापासून आतोबा तिच्याकडे बघून बोलायचे नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणायचे, “आमटी वाढ.” ती नवी साडी नेसून पुढे आली की घड्याळाला विचारायचे, “कुणाकडे सुतकाला निघाली ही?” आत्या हसायची. बायको म्हणून ते कसं सोसलं असेल, ते तिचं तिला माहीत.

गेल्या वर्षी आत्या अंथरुणाला खिळली. दुखणं हाडांत उतरलं होतं, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी बदलापूरहून रोज जायचे. केस गेले होते, गाल बसले होते. एका दुपारी ती म्हणाली, “अहो, इकडे बघा. मी कशी दिसते ते सांगा एकदा.”

“भुतासारखी,” आतोबा घड्याळाला म्हणाले.

“ते रोजचंच आहे. आज खरं सांगा.”

आतोबा उठून स्वयंपाकघरात गेले. मी मागे गेले तर नळ धरून रडत होते. मला संताप आला. “अहो आतोबा, राहिलंय काय त्या शरीरात नजर लागायला?” ते माझ्याकडे वेड लागल्यासारखे बघत राहिले. “तुला दिसत नाही? अगं, ती अजून...” आणि त्यांनी स्वतःचं तोंड हाताने गच्च दाबून धरलं.

त्यानंतर ते रोज सकाळी तिला आणखीच वाईटसाईट बोलायला लागले. काळी काय, कुरूप काय. आणि खरं सांगते, आत्या जाईना. डॉक्टर चकित झाले. पाणी गिळवत नव्हतं, वेदनांनी रात्रंदिवस कण्हत होती, पण श्वास थांबेना. शेजारणी कुजबुजायच्या, जीव कशात तरी अडकलाय. कशात ते मला दिसत होतं.

शेवटी आत्याच म्हणाली, अगदी हळू, “तुमची ती नजर मला नाही पटत. पण तुम्हाला पटते ना? मग सोडा मला. आणि खोटी असेल, तर माझं इतक्या वर्षांचं राहिलंय, ते द्या.”

आतोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि घड्याळावरून नजर वळवून तिच्याकडे पाहिलं, पोटभर पाहिलं.

“छान दिसतेस,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून. फार छान.”

“इश्श!” आत्या म्हणाली, आणि त्या बसलेल्या गालांवर खरोखर लाली आली. तिने उघड्या डोक्यावर पदर ओढला आणि डोळे मिटले. दिवेलागणीला मी तिला हाक मारली तेव्हा ती गेलेली होती. गालांवरची लाली तशीच होती. व्हायचंच होतं ते, डॉक्टर म्हणाले. मीही तेच म्हणते, आणि मोठ्याने म्हणते.

परवा अंबरनाथला गेले तर दार उघडंच होतं आणि आतून आतोबांचा आवाज येत होता. “छान. काय छान दिसतोस रे!” कुणाचं पोर आलंय आत? धावत गेले तर आतोबा एकटेच, केस नीट विंचरून आरशासमोर उभे, स्वतःकडे बघत.

“रोज म्हणतो गं,” ते आरशातूनच मला म्हणाले. “पण मनापासून येत नाही. खोट्या कौतुकाची नजर लागत नाही.”

मी म्हटलं, “आतोबा, तुम्ही खरंच छान दिसता हो.”

त्यांनी एकदम आशेने माझ्याकडे पाहिलं. मग हसले.

“तुझी नाही लागायची, पोरी,” ते म्हणाले. “चल, चहा टाक.”