हलणारी खोली

भूकंपाचं स्मारक-संग्रहालय पाहायला जायची टूम माझ्या धाकट्या भावाची. तो हडपसरला राहतो, आयटीत आहे. आई माझ्याकडे वारज्याला असते. मुलगा असताना आई मुलीकडे कशी, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांचं विचारून झालंय. भाऊ अधूनमधून येतो, तिला गाडीतून फिरवून आणतो आणि फोटो टाकतो. या वेळी त्याला वाटलं, जिने भूकंप भोगला तिलाच तो दाखवावा. हुशार आहेच तो.

आमचं मराठवाड्यातलं गाव भूकंपात गेलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, भाऊ चारचा. घर दगडमातीचं, वर जड माळवद. आई उठली, भावाला उचललं आणि बाहेर पळाली. मी तिच्या दुसऱ्या कुशीला होते. मला सकाळी चुलत्यांनी दगडांखालून काढलं. डावा पाय तेव्हापासून आखूड आहे. आई आजवर एकच सांगत आली, "अंधार हुता गं. हाताला लागलं ते उचललं." मीही तेवढंच धरून जगले. अंधारावर कुणाला रागावता येत नाही.

संग्रहालयात आई मजेत होती. काचेमागची चेपलेली भांडी तिने दुकानातल्या साड्या बघाव्यात तशी पाहिली. "आपली कळशी ह्याच्याहून बरी हुती," म्हणाली. शेवटी एक खोली होती, जमीन हलवून दाखवणारी. दारावर पाटी होती, 'हसू नये. ही करमणूक नाही.' आतून हसण्याचेच आवाज येत होते.

"आईला नको," मी म्हटलं.

"अगं, मशीन आहे ते," भाऊ म्हणाला. "तू ना, प्रत्येक गोष्टीचं दुःख करून ठेवतेस."

आई त्याला कधी नाही म्हणत नाही. आम्ही आत गेलो.

आत दिवे लख्ख होते. मी आईचा हात घट्ट धरला होता. भाऊ तिच्या पलीकडे जरा लांब उभा राहून मोबाइलवर आमचं शूटिंग करत होता. जमीन गुरगुरली आणि हलायला लागली. आईने माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, माझा हात झटकला, आणि भावाच्या शर्टाला धरून त्याला दाराबाहेर ओढत नेलं. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस निमूटपणे फरफटत गेला. मी कठड्याला लटकून तोल सावरत राहिले. मागची कॉलेजची पोरं टाळ्या वाजवत होती.

मी लंगडत बाहेर आले तेव्हा आई बाकावर बसून भावाचं डोकं, खांदे चाचपत होती. "आई, लोक बघतायत," तो तिला म्हणत होता. मी समोर उभी राहिले तेव्हा कुठे तिला माझी आठवण झाली. तिचा चेहरा उतरला.

"अंधार हुता गं," ती म्हणाली.

"दिवे चालू होते, आई. मोबाइलमध्ये सगळं आलंय. दाखवू?"

भावाने मोबाइल खिशात टाकला. आई मान खाली घालून बसली. मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. इतकी वर्षं जिच्यावर रागावता येत नव्हतं तिच्यावर एकदाचं रागावता आलं, याचं मला बरं वाटलं.

परत आल्यावर भावाने आम्हाला गेटवर सोडलं, त्याला मीटिंग होती, आणि गाडी वळवून तो गेला. आमच्याकडे लिफ्ट नाही. जिन्याशी आईने रोजच्यासारखा माझ्याकडे हात पुढे केला.

"त्याचा धर की," मी म्हटलं आणि वर जाऊन दार उघडलं.

खाली ती भिंतीला धरून एकेक पायरी चढत होती. चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. मध्येच तो थांबला. मी चहाचं आधण ठेवलं, एकाच कपाचं.