ओसरीवरचे दोन खांब

अमेरिकेत मी एकच घर खरवडलं, आणि तेही फार नाही, तळहाताएवढं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण आमचे हे आलापल्लीला जंगलाजवळच्या लाकडाच्या डेपोत कामाला होते, त्यामुळे लाकूड मला अक्षरांपेक्षा जास्त वाचता येतं. (निदान अमेरिकेला जाईपर्यंत मी असं समजत होते.)

मुलगी सुनंदा तिकडे एका लहान शहरात राहते. त्या शहराचा जुना भाग त्यांनी जसाच्या तसा जपून ठेवला आहे. तो पाहिला आणि मी रस्त्यातच थांबले. सगळी घरं लाकडाची! भिंती लाकडाच्या, वर माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या, कोपऱ्याला गोल बुरूज, ओसरीच्या कडेला विणल्यासारखी कोरीव जाळी. शंभर वर्षं उभी, पण एक फळी वाकलेली नाही. आमच्याकडे एवढं जुनं लाकूड फक्त जंगलात दिसतं, आणि त्यावरही पहारा असतो. घराला कधी नमस्कार न करणारी मी, माझे हात आपोआप जोडले गेले. (कुत्रा घेऊन चाललेल्या एका बाईला वाटलं, तिलाच केला. तिनेही केला.)

सुनंदाला यातल्याच एका घराचा वरचा मजला भाड्याने हवा होता. मालकीण माझ्या वयाची, एकटी आणि कडक. भिंतीला खिळा ठोकू का, असं विचारणाऱ्या दोन कुटुंबांना तिने दारातूनच परत पाठवलं होतं.

"आई, तिथी कशालेच हात लावू नको," सुनंदाने बजावलं.

त्या दोघी खोल्या पाहायला वर गेल्या. ओसरीवर मी आणि पांढऱ्या रंगाचे दोन खांब. आत लाकूड कोणतं, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. डेपोची रीत अशी, की लाकूड खरवडायचं, ओल्या अंगठ्याने चोळायचं, वास घ्यायचा, मगच नाव सांगायचं. मी बांगडीतली पिन काढली. जरासं खरवडलं, तर रंगाचा पापुद्राच हातात आला! खाली हिरवा रंग, त्याखाली तपकिरी, त्याखाली लाकूड. अंगठा जिभेला लावून चोळलं, नाक खांबाला टेकवलं, आणि मागे दार वाजलं.

"आई, काय करून राह्यली तू?"

"सागवान हाय का पाहून राह्यली. नाई हाय. पण लाकूड चांगलं हाय, सांग तिले."

"इथी रंग बदलायचा तरी जुनी घरं जपणाऱ्या कमिटीले विचारा लागते, अन् तू खांब चाटून राह्यली!"

मालकिणीने चष्मा लावला, ती वाकली, आणि स्वतःचा अंगठा ओला करून तिथेच चोळला. ती इंग्रजीत काही बोलली; सुनंदाने मला सांगितलं, इतकी वर्षं राहून मालकिणीने हे लाकूड आजच पाहिलं. मग मालकिणीने दुसऱ्या खांबाकडे बोट दाखवलं. हा कसा आहे?

पिन सुनंदाने काढून घेतली होती. मी हात न लावता खालून वर नजर फिरवली.

"हा खरा. गाठ नाई, चीर नाई. जुन्या झाडाचा गाभा हाय हा. असं लाकूड आता भेटत नाई."

सुनंदाने हे तिला इंग्रजीत सांगितलं मात्र, मालकीण पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तो खांब प्लास्टिकचा होता. वादळात जुना मोडला म्हणून बसवलेला. तो नकली आहे हे लोकांना ओळखू येईल म्हणून कमिटीने तिला दोन वर्षं छळलं होतं. आज जंगलातून आलेल्या बाईने तो पास केला. हसत हसतच तिने किल्ली सुनंदाच्या हातात ठेवली.

आलापल्लीत मी सगळ्यांना सांगते, माझ्या लाकडाच्या पारखीवर पोरीला घर मिळालं. एवढंच सांगते.